लाटांवरून प्रवाह, नोंद ४: खोटा प्रवाह कुठून आला

ड्रोनच्या व्हिडिओत लाटांच्या माथ्यांचं फक्त वळण बघून पाण्याचा प्रवाह मोजायचा बेत सोडलाय. सगळीकडे सारखा वाहणारा प्रवाह लाटेला वळवतच नाही. तो जिथे कमीजास्त होतो तिथेच ती वळते. १०० मीटरच्या पट्ट्यात प्रवाह ०.३ मी./से.ने बदलत असेल, तर १० मीटर लांबीची (माथ्यापासून माथ्यापर्यंत) लाट तेवढ्या अंतरात जेमतेम ९ अंश वळते. पट्टा कुठे आहे ते वळण दाखवतं, आकडा मात्र माथ्यांच्या वेगावरूनच काढावा लागतो. (खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी असेल तर तळही लाट वळवतो आणि दोन्ही वळणं सारखीच दिसतात.)

स्थिर पाण्यात १० मीटरच्या लाटेचा आवर्तकाळ (एका जागेवरून लागोपाठ दोन माथे जायला लागणारा वेळ) २.५३ सेकंद. लाटेच्याच दिशेने ०.३ मी./से. प्रवाह असला की आवर्तकाळ २.३५ वर येतो. कॅमेरा सरळ खाली, सेकंदाला ५ फ्रेम पुरतात, मग त्रिमितीय एफएफटी (क्लिपमधल्या प्रत्येक लांबीच्या आणि दिशेच्या लाटेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती माथे, वेगळी काढणारं गणित). ३० सेकंदांच्या क्लिपच्या नादी लागू नका: तिच्यात वारंवारतेची एक पायरीच १० मीटरच्या लाटेला प्रवाहाच्या हिशेबात ०.३३ मी./से.ची पडते. २ मिनिटांच्या क्लिपमध्ये ०.०८.

खरा घोळ स्केलचा, म्हणजे चित्रातलं अंतर पाण्यावर किती मीटर याचा. ड्रोन उंची दाखवतो ती उड्डाणाच्या जागेपासूनची. पाण्यापेक्षा ३ मीटर उंच खडकावरून उडवला, की स्क्रीनवर ६० आणि पाण्यापासून ६३. सगळ्या लांब्या ५ टक्के कमी भरतात आणि लाटांच्या उलट दिशेने ०.१ मी./से.चा प्रवाह उगाच उगवतो. ओहोटीला आणखी जास्त. ओळखायची खूण: दोन दिशांनी लाटा येत असतील, तर दोन्हींच्या हिशेबात हा खोटा प्रवाह समोरूनच येतो.

उपाय म्हणून आता फ्रेममध्ये मापासाठी २० मीटर दोरी, दोन्ही टोकांना बोया, एका टोकाला नांगर. दोरी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते. नायलॉनची बुडते, मध्ये झोळ पडतो आणि बोयांमधलं अंतर घटतं. फ्रेमच्या कोपऱ्यात स्थिर खूण म्हणून एखादा खडकही हवाच. ड्रोन जागेवरून जेवढा सरकेल तेवढा वेग थेट प्रवाहात मिसळतो.

तरंगत्या बाटलीशी आकडा जुळत नाही म्हणून गणित मोडू नका. १० मीटरची लाट सुमारे ०.८ मीटर खोलीवरचा प्रवाह सांगते. बाटलीला वाराही ढकलतो.

पुढे: ५ आणि १५ मीटरच्या लाटा वेगळ्या गाळून ०.४ आणि १.२ मीटर खोलीचे आकडे शेजारी मांडायचे.