सोळा पॉइंट दोन

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी साडेसहाला जवळच्याच गावातून ओळखीच्या घरातल्या सुनेचा फोन आला. "भाऊ, मामाजीची साखर सोळावर आली! दोन खेपा साखरपाणी पाजलं, तरी मान टाकूनच आहेत."

सोळा! माझ्या तोंडावर आलंच होतं, की अजून साखर द्या आणि लगेच निघा. पण सवयीने विचारलं, घाम फुटलाय का, हातपाय थंड पडलेत का? नाही म्हणाली. उलट रात्रभर तांब्याच्या तांब्या पाणी पीत होते आणि सारखे लघवीला उठत होते. हे साखर उतरल्याचं लक्षण नव्हे.

मग आठवलं, आमच्याकडचं मीटर वीसच्या खाली आकडा देतच नाही, नुसतं 'लो' दाखवतं.

"आकड्यात टिंब आहे का?"

"आहे ना. सोळा पॉइंट दोन. बाजूला एम एम ओ एल लिहिलं आहे."

ऑस्ट्रेलियातल्या पुतण्याने दिवाळीत आणून दिलेलं मीटर होतं ते. तिकडे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोजदाद. ग्लुकोजचा एक मोल म्हणजे सुमारे १८० ग्रॅम, म्हणून एक मिलिमोल, त्याचा हजारावा भाग, १८० मिलिग्रॅम. हे झालं एका लिटरमागे. आपला रिपोर्ट डेसिलिटरचा, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाचा. म्हणून गुणायचं १८ ने. १६.२ गुणिले १८, २९२! आणि त्यावर दोन पेले साखरपाणी.

"आता साखर अजिबात देऊ नका, साधं पाणी द्या आणि ताबडतोब घेऊन या," एवढंच सांगितलं. मालवाहू ऑटोत कापसाच्या गाठोड्यांशेजारी निजवून त्यांना आणलं. आमच्या मशीनवर ४१२ आली. लघवीत किटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ, नव्हते, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पुढचं डॉक्टरांनी सांभाळलं. संध्याकाळी म्हातारबाबा खाटेवर उठून बसले आणि वेचणीला किती बाया आल्या ते विचारू लागले.

सुनेला मी कागदावर सगळं मांडून दाखवलं. बारावीपर्यंत शिकलेली, चटकन समजली. तिनेच विचारलं, मग किडनीच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनलाही अठराच का? फार चांगला प्रश्न. नाही. क्रिएटिनिनचा मोल सुमारे ११३ ग्रॅमचा, त्यामुळे तिथे एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. मोल ही कणांची मोजदाद आहे, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. ग्लुकोजचा कण जड, क्रिएटिनिनचा हलका, म्हणून प्रत्येकाचा गुणक वेगळा.

मीटरच्या पाठीला चिकटपट्टी लावून मी 'फक्त साखर: × १८' असं लिहून दिलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "भाऊ, उपाशीपोटी सात पॉइंट चार. म्हणजे एकशे तेहेतीस ना?"