दोन गाड्या, एक पॉलिसी आणि न वाचता केलेली सही

पेनसिल्व्हेनियात आम्ही राहतो तिथे बस जवळपास नाहीच, त्यामुळे मला नोकरी लागली तशी दुसरी गाडी घ्यावीच लागली. सुरुवातीला दोन गाड्यांच्या दोन पॉलिसी होत्या. मग कोणीतरी सांगितलं की दोन्ही एकाच पॉलिसीत घ्या, मल्टी-कार डिस्काउंट मिळतो, म्हणून आम्ही एका रात्री लॅपटॉप घेऊन बसलो, समोर येईल त्या फॉर्मवर सही करत गेलो आणि प्रीमियम कमी झाला म्हणून खूश होऊन झोपलो.

त्यातला एक फॉर्म स्टॅकिंग, म्हणजे दोन्ही गाड्यांच्या कव्हरची बेरीज, नको असा होता. हे मला कळलं मागच्या हिवाळ्यात, सिग्नलला थांबले असताना मागून एकाने धडक दिली आणि मानेचं दुखणं सुरू झालं तेव्हा.

आता हे नीट सांगते, कारण भारतातल्या सवयीने इथलं डोक्यात बसत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीत माणसाला इजा झाली तर भरपाईला वरची मर्यादा नसते, ट्रिब्युनल ठरवेल ते विमा कंपनी देते, मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. इथे प्रत्येक जण आपलं लिमिट स्वतः निवडतो. या राज्यात कायद्याने किमान लागतं ते १५/३०/५, म्हणजे एका माणसाच्या इजेला १५,००० डॉलर, एका अपघातात सगळ्यांचे मिळून ३०,०००, आणि गाडीबिडीच्या नुकसानीला ५,०००. मला धडकलेल्या मुलाकडे नेमकं तेवढंच होतं. उपचारांचे पहिले ५,००० माझ्याच पॉलिसीतून गेले, चूक कोणाचीही असली तरी इथे तसंच असतं. पण एमआरआय, फिजिओ आणि बुडलेला पगार धरला की त्याचे १५,००० कुठल्या कुठे गेले.

अशा वेळी उपयोगी पडतं ते आपल्याच पॉलिसीतलं अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर. समोरच्याचा विमा अपुरा पडला की आपली कंपनी आपल्या लिमिटपर्यंत वरचे देते. (त्याच्याकडे विमाच नसेल तर अनइन्शुअर्डचं, ते वेगळं.) आणि दोन गाड्यांच्या घराला खरा फायदा इथेच आहे. प्रत्येक गाडीवर २५,००० असतील तर स्टॅकिंगमध्ये त्यांची बेरीज होते, ५०,००० मिळू शकतात. तीन गाड्या असत्या तर ७५,०००. कायद्याने स्टॅकिंग आपोआप असतंच, नको असेल तर लेखी सही देऊन सोडावं लागतं, आणि ती पॉलिसीत ज्याचं नाव पहिलं त्याने केलेली सही घरातल्या सगळ्यांना लागू होते. आमच्यात ह्यांचं नाव पहिलं. मग काय, आम्हाला २५,००० वरच थांबावं लागलं.

मला वाईट वाटतं ते याचं की स्टॅकिंगसाठी जादा लागले असते ते पैसे आम्ही सहज भरले असते, पण आमचं सगळं लक्ष डिस्काउंटवर. हे कव्हर रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं तरीसुद्धा चालतं, एवढं आम्हाला माहीतच नव्हतं.

एका गोष्टीने मात्र वाचवलं. फुल टॉर्ट की लिमिटेड टॉर्ट (म्हणजे भरपाईसाठी दावा करायचा हक्क पूर्ण हवा की मर्यादित) असं विचारतात, त्यात आम्ही फुल घेतलं होतं. लिमिटेड घेतलं की प्रीमियम कमी होतो पण इजा गंभीर नसेल तर त्रास-वेदनेची भरपाई मागता येत नाही, आणि मानेचं दुखणं गंभीर आहे की नाही यावर वाद घालत बसायची माझ्यात ताकद नव्हती.

इथे नवीन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, दुसरी गाडी घ्याल तेव्हा कोट मागताना स्टॅकिंगसह आणि स्टॅकिंगशिवाय असे दोन्ही आकडे मागा, दोन्ही गाड्यांची लिमिट्स बघा. घरात राहणाऱ्या आणि लायसन्स असलेल्या प्रत्येकाचं नाव कंपनीला सांगा, मुलांचं सुद्धा, लपवलेलं नंतर क्लेमच्या वेळी अंगाशी येतं.

आमचं रिन्युअल मार्चमध्ये झालं. लिमिट वाढवून घेतलं, स्टॅकिंग परत घेतलं, आणि या वेळी प्रत्येक फॉर्म ह्यांनी मोठ्याने वाचला आणि मी शेजारी बसून ऐकला.