गेज बंद ठेवला आणि फिल्म शांत झाली

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. मी तेव्हा पुण्यातल्या एका लॅबमध्ये तांब्याच्या पातळ फिल्म्सवर काम करत होतो, २० नॅनोमीटर जाडी म्हणजे अणूंचे जेमतेम शंभरएक थर, काचेच्या पट्टीवर, आणि व्हॅक्यूम न तोडता तिथंच चार प्रोब लावून रेझिस्टन्स मोजायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण एक रन म्हणजे आधी दोन दिवस चेंबर बेक करायचा (तापवून भिंतींना चिकटलेला गॅस काढायचा), मग डिपॉझिशन (काचेवर तांब्याचा थर बसवायचा), मग ॲनीलिंग (फिल्म काही वेळ तापवून ठेवायची), आणि मग रात्रभर मोजमाप.

त्या दिवशी फिल्म झकास आली होती. टाकल्या टाकल्या १४.१ ओहम, ८० डिग्रीला दोन तास ठेवल्यावर रूम टेम्परेचरला १२.६. हा उतार मला आजही फार आवडतो, कारण त्यात पृष्ठभाग सपाट होताना दिसतो, खाचखळगे भरतात, दाणे, म्हणजे तांब्याचे बारीक स्फटिक, मोठे होतात आणि इलेक्ट्रॉनची धडपड कमी होते. मग लिक्विड नायट्रोजनने १०० केल्विनपर्यंत थंड केली, ६.१४ ओहम. थंड का करायची, तर साध्या तांब्यात इलेक्ट्रॉन रूम टेम्परेचरला दोन धडकांमध्ये सरासरी ३९ नॅनोमीटर जातो, १०० केल्विनला त्याच्या साधारण पाचपट. म्हणजे २० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये तो वरखाली पृष्ठभागांवरच आपटत राहणार. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर चेंडू फरशीवरून उसळावा तसा पुढे जातो, नसेल तर वाटेल त्या दिशेला फेकला जातो आणि तेवढा रेझिस्टन्स वाढतो. ही कल्पना फुक्सने १९३८ मध्ये मांडली, सोंडहाइमरने १९५२ मध्ये पुढे नेली.

रात्री दहाच्या सुमारास आकडा सरकायला लागला. ६.१५, ६.१७, मग थोडा वेळ स्थिर, मग परत उडी. बाहेरून काही सोडलेलं नव्हतं, व्हॉल्व्ह सगळे बंद, व्हॅक्यूम मायनस टेनच्या रेंजमध्ये, म्हणजे चेंबरमधला दाब १०⁻¹⁰ टॉरच्या आसपास (टॉर हे दाबाचं एकक). पहिला संशय टेम्परेचरवर, पण थर्मोकपल ढिम्म. दुसरा कॉन्टॅक्टवर, करंट उलटा करून बघितला, दोन्हीकडे तेच उत्तर. साडेबारापर्यंत ६.२२ झाला होता. सव्वा टक्का फक्त, पण आम्ही जे मोजायला बसलो होतो ते एवढंच असतं, त्यामुळे पोटात गोळा आला.

ज्युनिअर मुलगी लॉगबुक सांभाळत होती, दर अर्ध्या तासाने आयन गेज (चेंबरमधला दाब मोजणारं उपकरण) चालू करायचा, रीडिंग स्थिर झालं की लिहायचं आणि बंद करायचा, एकही नोंद चुकलेली नव्हती. तीच म्हणाली, "दादा, उड्या माझ्या नोंदींच्या वेळेलाच येतायत का बघ ना." ग्राफवर पेन्सिलने वेळा टाकल्या. पाचच्या पाच उड्या जुळल्या.

मी आधी म्हटलं की गेजचा फिलॅमेंट तापतो, उष्णतेने फिल्म गरम होत असेल. पण तसं असतं तर गेज बंद केल्यावर आकडा खाली यायला हवा होता, तो तर वरच राहत होता. म्हणजे काहीतरी येऊन चिकटत होतं. मग गेज चालू करताना आम्ही पहिल्यांदाच सुरुवातीपासून काट्याकडे बघत बसलो. चालू केल्याबरोबर दाब मायनस नाइनवर गेला आणि मिनिटभराने उतरला! आम्ही लिहीत होतो तो उतरल्यानंतरचा आकडा. गरम फिलॅमेंट आणि त्याच्या आसपासचा तापलेला धातू कार्बन मोनॉक्साइड सोडतो हे वाचलेलं होतं, पण तो माझ्याच फिल्मवर बसत असेल असं डोक्यात आलं नव्हतं. मायनस सिक्स टॉरला एका सेकंदात एक अख्खा थर बसेल एवढे रेणू आपटतात, हा हिशोब बोर्डवर लिहिलेलाच होता, मायनस नाइनला एक मिनिट म्हणजे सहा टक्के, आणि आमचा गेज फिल्मच्या अगदी समोर होता.

खात्री करायची म्हणून दोन तास गेज बंद, ६.२२ जवळजवळ सपाट. नंतर फिल्म २५० केल्विनपर्यंत तापवली, कारण तांब्यावर हा गॅस घट्ट धरत नाही, रूम टेम्परेचरच्या बऱ्याच आधी सुटतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर (गॅस वजनावरून ओळखणारं यंत्र) २८ चा उंचवटा आला, तो कार्बन मोनॉक्साइडचाही असतो आणि नायट्रोजनचाही, पण सोबत कार्बनचा १२ चा छोटा होता, नायट्रोजनचा १४ चा नाही, म्हणजे नायट्रोजन नव्हे. परत १०० केल्विनला आणली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. ६.१४. आम्ही दोघं काही वेळ नुसते आकड्याकडे बघत होतो.

त्यानंतर मागच्या महिन्याच्या तीन फिल्म्सचे ग्राफ काढून बघितले. दोन ॲनील केलेल्या, दोन्हींत त्याच उड्या. तिसरी तशीच खडबडीत ठेवली होती, तिच्यात उड्या जवळपास दिसल्याच नाहीत, आणि ते बरोबरच होतं, जिथे इलेक्ट्रॉन आधीच अस्ताव्यस्त विखुरतायत तिथे वर थोडा गॅस बसला म्हणून आणखी किती बिघडणार. चांगली गुळगुळीत फिल्म मात्र प्रत्येक पाहुण्याची नोंद घेते. मला वाटतं त्या रात्रीपर्यंत मी पृष्ठभाग आणि गॅस हे दोन वेगळे धडे समजत होतो.

सकाळी सरांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, शेवटी एवढंच विचारलं, "नवीन फिल्म कधी टाकताय?" आम्ही त्याच दुपारी बेकिंग सुरू केलं, आणि ज्युनिअरने लॉगबुकमध्ये गेज चालू आणि बंद केल्याच्या वेळेसाठी दोन नवीन रकाने आखले.