फॉरमॅटआधीचे ३१ तास

ऐन लग्नसराईत एका छापखान्याचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला की ठिपके फिरत राहायचे आणि डिस्कमधून थांबून थांबून 'टक्' असा आवाज यायचा. "काल एकाने रात्रभर चेकडिस्क लावून ठेवली होती, तरी उघडेना. फॉरमॅट मारा, फक्त पत्रिकांच्या फायली राहू द्या," मालक म्हणाले.

चेकडिस्कचं ऐकून पोटात गोळा आला. चेकडिस्क हा विंडोजचा तपासणीचा प्रोग्राम. ती फायलींचा हिशेब जुळवते, डिस्क बरी करत नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती लिहायला लागते, न जुळणारे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकते आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावते. आमच्या धंद्यात अजूनही अनेकांचा पहिला हात तिथेच जातो, याचा मला राग येतो.

आधी साटा केबल, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी वायर, बदलली. दोष केबलचा असेल तर स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, सी७चा आकडा वाढतो. इथे तो शून्य होता. सी५, म्हणजे वाचता न येणारे आणि बदलीची वाट पाहणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), ३१२ होते. तासाभराने पाहिलं तर ३४०. आकडा वाढतोय म्हटल्यावर या डिस्कवर विंडोज पुन्हा चालवायचंच नाही, हे ठरलं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फायली न उघडता, डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम लावला आणि इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, १ टीबीच्या निरोगी डिस्कवर घेतली. पहिल्या फेरीत अडलेली जागा सोडून पुढे जायचं, सोपं आहे ते आधी पदरात पाडून घ्यायचं. कुठे अडलं त्याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येतं. चांगली डिस्क दीड तासात वाचून झाली असती. इथे ९९ टक्के यायला चार तास लागले आणि उरलेल्या एका टक्क्यासाठी २७. एक फेरी उलट्या दिशेने मारली, तेव्हा बराच भाग वाचता आला. शेवटी ७४० केबी हाती लागलंच नाही.

ते ७४० केबी नेमकं कोणत्या फायलींत होतं? डीडीरेस्क्यू इमेजमधल्या न वाचलेल्या जागांत आपण दिलेला मजकूर भरून देतं. मग सगळ्या फायलींत तो मजकूर शोधायचा. सापडेल ती फाइल जखमी. पाच निघाल्या: एक फॉन्ट आणि चार कोरलड्रॉच्या, म्हणजे पत्रिका जुळवायच्या प्रोग्रामच्या. कोरलड्रॉ त्याच फोल्डरात 'बॅकअप ऑफ' नावाने आधीची प्रत ठेवतो, त्यातून तीन पत्रिका परत मिळाल्या.

मग नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क. विंडोज इन्स्टॉल करताना दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली ठेवू नये. नाहीतर विंडोज बूटची फाइल तिच्यावर टाकू शकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. बायोसमध्ये यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, निवडली आणि एसएसडीच्या रिकाम्या जागेवरच नेक्स्ट दाबलं. जीपीटी, म्हणजे त्या पद्धतीला लागणारी डिस्कची मांडणी, आपोआप होते. 'प्रॉडक्ट की नाही' म्हणायचं आणि आधीचीच आवृत्ती निवडायची. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने नेट लागताच ॲक्टिव्हेशन झालं. हा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही आणि विंडोज १०चा आधार, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून मालकांना स्पष्ट सांगितलं, हे मशीन छपाईपुरतं ठेवा, बँकेचं काम यावर नको.

खरी परीक्षा पत्रिका उघडल्यावर झाली. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे देवनागरीला स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, त्यांना देवनागरी रूप फॉन्ट देतो. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातले सगळे आणले होते, तरी निम्म्या पत्रिका वाचता येईनात. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल-क्लिक करून नुसतं इन्स्टॉल म्हटलं, की तो त्या युजरच्या ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातो. तिथे ६३ फॉन्ट होते. या वेळी राइट-क्लिक करून 'सर्व युजरसाठी' टाकले आणि ओळीच्या ओळी जागेवर आल्या.

पाचवी जखमी फाइल तिथलाच एक फॉन्ट होता. तो त्यांच्या जुन्या पेनड्राइव्हवर सापडला. चौथी पत्रिका मात्र राहिली, तिची बॅकअप प्रतही त्या रात्री फाउंडमध्ये तुकडे होऊन पडली होती. चेकडिस्क लागली नसती तर ती प्रत शाबूत मिळाली असती का, हे मॅपफाइल कितीही वेळा उघडली तरी कळत नाही. मालकांनी छापील नमुना समोर ठेवून ती पत्रिका पुन्हा जुळवली. इमेज अजून त्या १ टीबीच्या डिस्कवर आहे, पुसलेली नाही.