जूनचे उरलेले दिवस: मोतीबाग, गोरेवाडा, रामटेक आणि पहाटेची व्हॅन

पुण्याची भाचरं जूनच्या मध्यावर दप्तर पाठीला लावून शाळेत जाऊन बसतात, तेव्हा आमची नागपूरची पोरं अजून घरीच असतात. इथल्या उन्हापायी विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, कधी १ जुलैही उजाडतो. हे मधले आठ-दहा दिवस मला फार मोलाचे वाटतात. लग्नसराई आटोपलेली असते, मामाच्या गावाहून परतणं झालेलं असतं, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, उलटून गेलेला असतो. पण नेमके हेच दिवस रात्री बारापर्यंत टीव्ही आणि सकाळी नऊपर्यंत झोप यात निघून जातात.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं, त्याला कारण होतं. थोरली पाचवीत गेली. तिची शाळा आता सकाळची, व्हॅन साडेसहाला दारात. धाकटा दुसरीत. २०२४-२५ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय आहे, त्यामुळे त्याची शाळा साडेनऊची. आजवर दोघं एकाच व्हॅननं जायची, एकाच वेळी डबे उघडायची. आता घरात दोन सकाळी होणार. म्हणून तीन छोट्या सहली आखल्या, आणि प्रत्येक सहलीला आधीच्यापेक्षा लवकर उठायचं असं ठरवलं. शाळेसाठी उठवलं तर पोरं कुरकुरतात, फिरायला जायचं म्हटलं की आपणहून उठून बसतात.

पहिली सहल मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाची. त्यासाठी साडेआठला उठलं तरी चालणार होतं. आम्ही गेलो सोमवारी, आणि फाटक बंद. चूक माझीच, मी आधी विचारलं नव्हतं. मोतीबाग, अजब बंगला (नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय), गोरेवाडा या तिन्ही ठिकाणी सोमवारी सुट्टी असते, हे आधी लिहून ठेवा आणि मग बाकीचा बेत आखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मेट्रोच्या ऑरेंज लाईननं कडबी चौकात उतरलं की संग्रहालय जवळच आहे, आजीलाही त्रास झाला नाही.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय शहात्तर. त्यांना खरं तर यायचं नव्हतं. "लहान पोरांच्या गाड्या, मी काय पाहू तिथं?" म्हणत होत्या. आत शिरून पहिलं छोटं इंजिन दिसलं आणि त्या थांबल्या. त्यांचं माहेर सावनेरचं. इतवारीहून सुटणारी छोटी लाईन सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला जायची, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या तिनंच माहेरी जायच्या. २०१५ च्या शेवटी मार्ग मोठा करण्यासाठी ती गाडी बंद झाली. सासूबाईंनी पोरांना सांगितलं की गाडी चढावावर इतकी हळू व्हायची की पोट्टे खाली उतरून सोबत चालायचे, खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जायची आणि पदराच्या टोकानं काढावी लागायची. थोरलीनं रुळांमधलं अंतर वितीनं मोजायला घेतलं. दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजची मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची, दुपटीहून जास्त. "एवढ्याशा रुळावर तू जायचीस?" असं धाकट्यानं विचारलं, तेव्हा आजीनं त्याला डब्यातल्या लाकडी बाकावर शेजारी बसवून घेतलं. खेळण्यातली गाडी पोरांना आवडलीच, पण आम्ही तिथे दोन तास रमलो ते आजीमुळे. घरातलं म्हातारं माणूस सोबत असेल तरच हे संग्रहालय पुरतं दिसतं, असं माझं मत झालं.

त्याच संध्याकाळी पहिला मोठा पाऊस आला. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको, तरी बाहेरून आलेल्यांसाठी लिहिते. पाऊस पडला की कूलर कामाचा राहत नाही. कोरड्या हवेत कूलरच्या ताटीवरचं पाणी उडतं म्हणून गार वाटतं, दमट हवेत ते उडत नाही, नुसता चिकटा वाढतो. अशा वेळी पंप बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, खिडकी उघडा. आणि टाकीतलं पाणी त्याच दिवशी काढून टाकी पुसून कोरडी करा. साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात, आणि शाळा उघडताना घरात ताप नको. आमच्या ह्यांनी आणि धाकट्यानं मिळून ते काम केलं.

गोरेवाड्याबद्दल थोडक्यात. काटोल रोडवरचं हे प्राणी उद्यान २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झालं. बंद बसमधून बिबट्या, अस्वल, वाघ आणि चरणारे प्राणी अशा चार भागांतून नेतात. तिकीट घरूनच काढा आणि सकाळची पहिली फेरी धरा, ऊन चढलं की प्राणी सावलीत जाऊन पडतात. आम्ही साडेसहाला उठलो. अस्वल रस्त्याच्या कडेला वारुळ उकरत होतं, वाघ पाणवठ्याशी पाठमोरा बसला होता. जंगलात वाघ दिसण्यासारखं हे नाही, ते पोरांना आधीच सांगितलं होतं, म्हणून कुणाची निराशा झाली नाही. पेंच आणि ताडोब्याचं मुख्य जंगल १ जुलैपासून पावसाळ्यासाठी बंद होतं. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी हेच दिवस गाठावेत, पण उकाडा सोसायची तयारी ठेवून.

खरी सहल रामटेकची. पहाटे पावणेपाचला उठलो. कुणालाही दुसरी हाक मारावी लागली नाही.

गाडी असूनही आम्ही एसटीनं गेलो, आणि हे मी मुद्दाम सुचवते. गणेशपेठ स्टँडवरून रामटेकची बस मिळते. महिलांना निम्मं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं लागलं. आजीचं आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, कंडक्टर वय पाहतो. कामठी, कन्हान, मग मनसरला उजवीकडे वळून रामटेक, अंतर साधारण पन्नास किलोमीटर. कन्हानच्या पुलावर सूर्य वर आला होता आणि नदीत नव्या पाण्याचा गढूळ रंग नुकता दिसू लागला होता.

रामटेकला उतरून गरम आलूबोंडा खाल्ला, मग ऑटो ठरवला. गडावर जायला अंबाळा तलावाकडून पायऱ्यांची जुनी वाट आहे आणि वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर ऑटोनंच वर जा आणि परतीचं भाडं तिथेच ठरवून घ्या. हे आणि थोरली पायऱ्यांनी आले, आम्ही तिघं ऑटोनं. ती घामानं भिजून वर पोहोचली, पण "मी एकदाही बसले नाही" हे दिवसभर सांगत होती.

वर माकडं फार. हातात पिशवी दिसली की झडप घालतात. खाण्याचं सगळं पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा, चष्मा सांभाळा, आणि पोरांना सांगून ठेवा की माकडाकडे पाहून दात दाखवायचे नाहीत. धाकट्याच्या हातातलं केळ गेलंच. तो रडला नाही, पण मग माझा पदर सोडेना.

गडावर घाई करू नका. वराहाची एकाच दगडाची मोठी मूर्ती आहे, तिच्या पायांमधल्या जागेतून लोक सरपटत पार होतात. पापी माणूस अडकतो असं म्हणतात. धाकटा तीनदा जाऊन आला. जवळच नरसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. ती वाकाटक राजघराण्याच्या काळातली, पाचव्या शतकातली. बरेच लोक ती न पाहताच पुढे जातात, आणि ते मला वाईट वाटतं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथून जवळचं नगरधन. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राटाची लेक या घराण्यात सून म्हणून आली आणि नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. थोरलीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, "तिला कुणी विचारलं नाही का, बाई कशी काय राज्य करते म्हणून?" मला उत्तर आलं नाही. आता पाचवीच्या बाईंना विचारू म्हणाली.

भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा ओलांडत आत जाताना आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, मग रामाचं. देवळांना आजचं रूप भोसल्यांच्या काळात आलं असं सांगतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते: चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दहा वाजल्यावर फरशी तव्यासारखी तापते. ढग होते तरी पोरं उड्या मारत चालत होती. प्रत्येकासाठी जुने मोजे बरोबर ठेवा. आजीनं पोरांच्या खिशात कांदा घातला होता, ऊन लागू नये म्हणून. त्याचा उपयोग किती ते मी सांगू शकत नाही, पण पन्ह्याची बाटली आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा यांचा नक्की झाला.

मागच्या बाजूच्या तटावर उभं राहिलं की खाली अंबाळा आणि दूरवर खिंडसी तलावाचं पाणी दिसतं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मत इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. गडावर कालिदासाचं स्मारक आहे. आषाढाचा पहिला दिवस कालिदास दिन म्हणून पाळतात, आणि तो बहुतेक वर्षी आमच्या शाळा उघडण्याच्या आसपासच येतो. पोरांना काव्य कळायचं वय नाही. त्यांना एवढंच सांगितलं की दूर गेलेल्या माणसानं ढगाबरोबर घरी निरोप धाडला. पश्चिमेकडून खरंच काळं आभाळ येत होतं. धाकट्यानं ढगाला निरोप दिला: "नागपूरला जा, आमच्या गच्चीवरचे कपडे ओले नको करू."

खिंडसीला नौकाविहार आहे, पण वारा सुटल्यामुळे आम्ही तो टाळला. पावसाचं आभाळ असताना पोरांना घेऊन नावेत बसू नये. परत निघताना स्टँडजवळ टोपलीभर जांभळं घेतली. एव्हाना गावरान आंब्यांत अळ्या निघू लागतात, जांभळं घेतलेली बरी. साडेबारापर्यंत घरी. पोरं दुपारी तीन तास झोपली आणि रात्री नऊला पुन्हा आडवी झाली. तिथून पुढे पाचचं उठणं जमलं.

शाळेची खरेदी शनिवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर केली. मेट्रोनं जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. बूट संध्याकाळी, मोजे घालूनच मापून घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. रेनकोट दप्तरासकट अंगावर येईल असाच घ्या. पुस्तकं घ्यायची घाई करू नका: सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, खात्री करूनच पैसे घाला. दप्तर रिकामं असताना हातात धरून बघा. केंद्राच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. थोरली अठ्ठावीस किलोची, म्हणजे सगळं मिळून २.८ किलो. घरी येऊन वह्या, डबा, भरलेली बाटली घालून काट्यावर ठेवलं तर चार किलो भरलं. स्टीलची बाटली काढून हलकी दिली, जाड रजिस्टरं काढून दोनशे पानी वह्या घातल्या, मग आकडा तीनवर आला. ही मोजणी शाळा उघडण्याच्या आधी करा, नंतर कुणाला वेळ नसतो.

सोमवारी थोरली पाचला उठली. मी डबा भरेपर्यंत तिनं आपली वेणी आपणच घातली, जरा वाकडी झाली होती, मी ती तशीच राहू दिली. सव्वासहाला मागे वळून पाहते तर धाकटा दारात उभा, कुणी न उठवता. तिची नवी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून तो फाटकापर्यंत गेला. व्हॅन आली, तिनं बाटली घेतली, दार लागलं. तो कोपऱ्यापर्यंत व्हॅनमागे धावला आणि परत येऊन आजीसमोर उभा राहिला.

"आता नऊपर्यंत मी काय करू?"

आजीनं उरलेल्या जांभळांची वाटी पुढे केली आणि त्याला पायरीवर शेजारी बसवून घेतलं.