मॉन्टे कार्लो अपडेट: हार्नेस बार कापून टाकला

मंडळी, मागच्या वेळी म्हणालो होतो की माझी शेवरले मॉन्टे कार्लो घेऊन हिकरीच्या ट्रॅकवरची फीचर रेस (दिवसाची मुख्य शर्यत) पूर्ण करूनच फोटो टाकतो. पूर्ण झाली नाही. बाराव्या लॅपला पुढची गाडी फिरली, मी बाहेरून काढायला गेलो आणि राइट फ्रंट सरळ काँक्रीटच्या भिंतीत. लोअर आर्म, स्पिंडल, रेडिएटर गेलं, पण ते एका वीकेंडचं काम आहे, मेट्रिक चॅसिसचे (जीएमच्या जुन्या मध्यम आकाराच्या गाड्यांचा सांगाडा) पार्ट इथे नॉर्थ कॅरोलायनात मूर्सव्हिलच्या आसपास अजून मिळतात.

खरा प्रॉब्लेम दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. खांद्यांपेक्षा पाठ जास्त दुखत होती, अगदी कमरेपर्यंत. एक्सरे क्लिअर आला, पण समोरून धडकल्यावर मणका का दुखावा हे डोक्यातून जाईना म्हणून गॅरेजमध्ये जाऊन बेल्ट बघितले. मी दर रेसआधी अ‍ॅडजस्टरच्या (बेल्ट ओढून घट्ट करायचं बकल) कडेला बेल्टवर चंदेरी पेनाने रेघ मारतो ना, तर डावी रेघ जागेवर आणि उजवी अर्धा इंच सरकलेली! मग अँगल गेज लावला. शोल्डर बेल्ट खांद्यावरून मागे जाताना आडव्या रेषेच्या खाली ३४ डिग्रीत जात होते, २० च्या आत हवेत. म्हणजे झटका बसला तेव्हा बेल्ट मला मागे धरायच्या ऐवजी खाली दाबत होते.

हार्नेस बार, म्हणजे सीटमागचा आडवा पाइप ज्याला शोल्डर बेल्ट बांधतात, तो जुन्या मालकाच्या उंचीला वेल्ड केलेला, तो मालक माझ्यापेक्षा बराच बुटका, आणि मी नवीन कंटेनमेंट सीट (डोकं आणि खांदे बाजूंनी धरणारी) टाकताना हे मोजलंच नाही. आधी सोपा उपाय म्हणून सीट दीड इंच खाली घेतली, अँगल २६ वर आला पण डॅशच्या वरून उजवा फेंडर दिसेना. परत वर. चार संध्याकाळी यात गेल्या.

शेवटी बारच कापला. नवीन पावणेदोन इंची डीओएम पाइप (मॅन्ड्रेलवरून ओढून काढलेला स्टीलचा पाइप), वॉलची जाडी ०.०९५ इंच, पावणेचार इंच वर. स्वस्तातला नॉचर (पाइपच्या तोंडाला गोल खाच पाडायचं यंत्र) अजिबात घेऊ नका, होल सॉ हलतो आणि जॉइंटला फट राहते. मी कागदाचा टेम्प्लेट गुंडाळून ग्राइंडरनेच तोंडं काढली आणि पाइप असा बसला की मधून उजेड दिसत नव्हता. टॅक मारला (वेल्डचे तात्पुरते ठिपके), सीटमध्ये बसलो, शेजाऱ्याने गेज लावला: १२ डिग्री. किती बरं वाटलं सांगू!

हान्स (हेल्मेटला जोडलेलं, डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण) आहे म्हणून निवांत राहू नका. जिम डाउनिंग आणि त्याचा मेव्हणा रॉबर्ट हबर्ड यांनी तो ८० च्या दशकात बनवला, पण २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये नॅस्कारचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेला तेव्हाही बरेच ड्रायव्हर तो वापरत नव्हते. आणि त्याचं योक (खांद्यांवर बसणारा भाग) खांद्यावर दाबून धरतात ते बेल्टच, ते सैल पडले तर हान्स मान धरणार कशी? आपल्या क्लासमध्ये अजून काही जण नुसत्या फोम कॉलरवर उतरतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो.

बेल्ट नवीनच घेणार, एकदा झटका खाल्लेले परत नाही, आणि सेकंडहँड तर टॅगवरची तारीख चांगली असली तरी नाही. पुढच्या शनिवारी उतरायचा प्लॅन होता, पण हे लिहितानाच लक्षात आलं की सीटचे मागचे दोन बोल्ट अजून फ्लोअरच्या पत्र्यात आहेत. केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा) एकीकडे आणि पत्रा दुसरीकडे वाकला तर बेल्टचा अँगल परत बदलणार. तेव्हा शनिवार रद्द, सीटची फ्रेम आधी केजला वेल्ड करतो. कोणी मेट्रिकमध्ये हे केलं असेल तर ड्राइव्हशाफ्ट टनेलच्या बाजूचा ब्रॅकेट कसा काढला त्याचे फोटो टाका.