अर्धा आटा

गाडी बसकी व्हावी म्हणून स्प्रिंगा कापून आणल्या त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जेमतेम शिरत होती. माझी दहा वर्षांची स्विफ्ट दबा धरून बसलेल्या बोक्यासारखी दिसत होती. आईनं गॅलरीतून विचारलं, "टायर बसलाय का रे?" म्हटलं, "नाही गं, रेसिंगसाठी केलंय." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेताना घोडबंदर रोडचे खड्डे तिच्या वतीनं बोलले.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की धूळ उडवत मातीत पळणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. मी उतरतो ते डांबरी मैदानावर. शंकू मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि शर्यत घड्याळाशी असते. शंकू पडला की वेळेत दोन सेकंद मिळवतात. वेग साठ-सत्तरच्या पुढे फारसा जात नाही, सगळा खेळ वळणांचा. हे एवढं सांगावं लागतं, कारण रेसिंग म्हटलं की नातेवाइकांना रात्री पाम बीच रोडवर गाड्या उडवणारी पोरंच आठवतात.

वाट दर वेळी वेगळी आखलेली असते, त्यामुळे या महिन्याची वेळ मागच्या महिन्याशी ताडून काही कळत नाही. म्हणून मी माप धरलं ते एका मित्राचं. त्याची गाडी अगदी माझ्यासारखीच, आणि त्यानं तिच्यात एक बोल्टही बदललेला नाही. स्प्रिंगा कापण्याआधी मी त्याच्यापेक्षा पाऊण सेकंद पुढे असायचो. कापल्यावर सव्वा सेकंद मागे पडलो. स्टिअरिंग वळवत होतो, पुढचे टायर किंचाळत होते आणि गाडीचं नाक मात्र सरळच चाललं होतं. मित्र हसला नाही, हे जास्त लागलं.

वागळे इस्टेटमधल्या अलाइनमेंटवाल्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या काकांनी गाडी वर चढवली आणि खालून पाहत विचारलं, "कुणी कापल्या?" मी गॅरेजचं नाव सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. काकांनी लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर टॉर्च मारला. गाडी बसल्यामुळे आर्मचं चाकाकडचं टोक वर गेलं होतं. असं झालं की ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. म्हणजे दिसायला गाडी बसकी, पण वळणात कलायला आणखी मोकळी. ती कलली की स्प्रिंगला दबायला जागाच उरलेली नसते. शॉकअप बंप स्टॉपच्या रबरावर आदळतो, पुढचा भाग एकदम दगड होतो आणि टायर पकड सोडतो. "स्प्रिंग कडक झालीय हे खरं," काका म्हणाले, "पण ती काम करतेय कुठे?"

मूळच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा घेतल्या. पैसे गेले, त्याचा हिशेब बायकोला अजून अर्धाच माहीत आहे. काकांनी वर हेही ऐकवलं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. हे मी कापायच्या आधी वाचायला हवं होतं. त्याच वेळी लोअर आर्मचे मागचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, चिरलेले सापडले. ब्रेक मारला की चाक आपल्या मनानं मागेपुढे होत होतं. अशा गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगत्या टेबलावर वजन करणं. बुश बदलले, एक शॉकअप तेल गळत होता म्हणून पुढची जोडीच बदलली. गाडी पुन्हा उंच, साधी, भाजी आणायची गाडी दिसायला लागली.

मग सगळ्यात स्वस्त गोष्ट हातात घेतली. हवा. मुलीच्या पाटीवरचा खडू घेतला आणि पुढच्या टायरच्या काठावर, नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, आडव्या रेघा ओढल्या. एक फेरी मारून आलो की खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघायचं. बऱ्याच टायरवर तिथे एक छोटा त्रिकोण असतो. त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर कडेवर लोळतोय, म्हणजे हवा वाढवायची. पुढे ३३ पौंडांवर त्रिकोणावरचा खडूसुद्धा पुसला गेला होता. थोडी थोडी वाढवत ३८ वर खडू त्रिकोणापाशी थांबला. उन्हात दोन-तीन फेऱ्यांनंतर हवा आपोआप तीन-चार पौंड चढते, तेवढी सोडावी लागते. आता डिकीत पाण्याच्या बाटल्या टायरवर शिंपडायला असतात, प्यायला मी विसरतो.

मागची हवा वाढवली की मागची पकड कमी होते आणि नाक जास्त सहज आत येतं. हे कळल्यावर मला जोर चढला. मागे ४२ केली, भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी राहिली. पाच शंकू. मागे ३६ वर आलो.

शेवटी पुन्हा काकांकडे. स्विफ्टच्या पुढच्या चाकांना कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलायची सोय कंपनीनं दिलेली नाही. पण स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप धरणाऱ्या खांबाच्या, खालच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी तिरका, म्हणजे कॅम ​असलेला बोल्ट घालता येतो. त्यानं चाकाचा वरचा काठ थोडा आत झुकवला. दोन्हीकडे उणे एक अंशाच्या आसपास मिळाले. वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर आता कडेवर न लोळता सपाट बसतो. कॅम्बर हलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते मापही हलतं, म्हणून टो त्यानंतर. मापं घेण्याआधी काका म्हणाले, "तू बस आत. एकटाच चालवतोस ना?" माझे ८४ किलो सीटवर ठेवून त्यांनी टो शून्यावर आणला. मग दोन्ही टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर, पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. "मैदानावर दोन्हीकडे हे अर्धा-अर्धा आटा फिरवायचे. चाकांची तोंडं जराशी बाहेर. घरी येताना परत ठिपक्यावर. नाहीतर टायर आतून खाल्ला जाईल आणि हायवेवर गाडी हुंगत चालेल."

पुढच्या वेळी मित्रापेक्षा दोन सेकंदांनी पुढे होतो. त्यानं माझ्या टायरवरच्या खडूकडे बघितलं, मग खाली वाकून स्प्रिंगा बघितल्या आणि म्हणाला, "कंपनीच्याच आहेत की रे!"

ठिपक्यावर परत यायचं एकदा आळसानं राहून गेलं. सकाळी ईस्टर्न एक्सप्रेसवर स्टिअरिंग सतत इकडून तिकडे सावरावं लागलं, ऑफिसला पोहोचेपर्यंत खांदे दुखले. तेव्हापासून रविवारी रात्री कितीही उशीर होवो, पार्किंगमध्ये जॅक लागतो आणि लॉकनट सैल होतो. वॉचमन खुर्ची सोडून टॉर्च धरायला येतो. हल्ली तो आधी विचारतो, "साहेब, आज आत की बाहेर?"